पोपटी चुंबळ

"सदर सूचना देणाऱ्या महिला कामगारास शिस्तभंगाबद्दल कामावरून कमी करण्यात आले आहे. तरी प्रकरण बंद करावे, ही विनंती."

कंपनीच्या उत्तरातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. जरा लपवाछपवी तरी करावी! सरकारी पोर्टलवर, स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून मोकळे झाले होते, की तुमच्याकडे निनावी सूचना देणारी बाई आम्ही शोधली आणि हाकलली. वर विनंती.

मी करुणा इंगोले. बांधकाम सुरक्षा कक्षात अभियंता आहे. 'बारा हात' ही यंत्रणा माझी. दहा मजल्यांच्या वरच्या प्रत्येक साइटवर ती कायद्यानं सक्तीची होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षं मी व्यासपीठावर उभी राहून छातीठोकपणे सांगत होते, की यातून कामगाराचं नाव फुटणं अशक्य आहे.

यंत्रणा तशी सोपी आहे. प्रत्येक कामगाराच्या हेल्मेटमध्ये नखाएवढी चकती असते. धोका दिसला की पट्ट्याखालच्या, स्पर्शानं चालणाऱ्या बटणाला तीनदा बोट लावायचं आणि हळू आवाजात सांगायचं, कुठल्याही बोलीत. चकती आवाज तिथल्या तिथे पुसते, बोलण्यातली लकब काढून टाकते, शिवीसुद्धा काढते, आणि एक साधं कोरडं वाक्य उरवते. मग ते वाक्य कुलूपबंद होऊन फिरायला निघतं. दोन हेल्मेटं हातभर अंतरावर आली की आपल्याजवळची वाक्यं एकमेकांना देतात. कधी देतात, कधी राखून ठेवतात, कुठलं द्यायचं ते नशिबावर. बारा वेगवेगळ्या हेल्मेटांतून गेल्याशिवाय कुठलंही वाक्य फाटकावरच्या पेटीत पडत नाही. बाराव्या माणसाला आपण काय आणलं याचा पत्ता नसतो. मलाही नसतो.

एकानंच दहादा ओरडून गोंधळ घालू नये, याचीही सोय केली होती. रोज सकाळी फाटकावर प्रत्येक चकतीला एक शिक्का मिळतो. बंद पाकिटात कागद, त्यावर कार्बन, आणि फाटक पाकिटाच्या वरून शिक्का मारतं असं समजा. शिक्का आतल्या कागदावर उमटतो, पण फाटकानं तो कागद पाहिलेला नसतो. एका शिक्क्यावर एकच सूचना. त्यामुळे किती माणसं बोलली ते कळतं, कोण बोललं ते कळत नाही.

ही हातोहात देण्याची कल्पना मला कुठून सुचली, ते मी व्यासपीठावर कधी सांगत नसे. स्लॅब पडताना माणसांची रांग लागते आणि घमेलं हातोहात वर जातं. वर पोचलेल्या घमेल्यातला माल खाली कोणी भरला, हे कोणाला सांगता येत नाही. माझी आई चौदा वर्षं त्या रांगेत उभी होती. हे सांगितलं असतं तर टाळ्या जास्तच पडल्या असत्या. पण मला लाज वाटायची, दुसरं काय.

तर ती सूचना अशी होती: "माललिफ्टचा ब्रेक धरत नाही. थांबवली की वीतभर खाली घसरते. ब्रेकमध्ये लाकडाची पाचर मारली आहे." साइट, नाशिकच्या वेशीवरची 'मेघवेल टॉवर्स'. पस्तीस मजले. सूचना सोमवारी आली, मंगळवारी आम्ही नोटीस काढली, गुरुवारी त्यांनी एका खाजगी तपासनिसाचं 'लिफ्ट सुस्थितीत' असं प्रमाणपत्र जोडलं आणि त्याच उत्तरात बाईला काढल्याचं कळवलं. मी शुक्रवारी सकाळी तिथं जाऊन धडकले.

प्रकल्प व्यवस्थापक निंबाळकर यांच्या केबिनमध्ये थंडगार हवा होती. बाहेर बेचाळीस अंश.

"या मॅडम, चहा घेणार?"

"तुम्ही माझी यंत्रणा फोडलीत?"

"छे हो!" ते मनापासून हसले. "तुमचं गणित चोख आहे. आमच्या पोरांनी महिनाभर डोकं फोडून घेतलं, काही हाती लागलं नाही. मग आम्ही आपलं घड्याळ बघितलं."

"म्हणजे?"

"ते तुम्ही शोधा. तुम्ही हुशार आहात."

लिफ्टची मोटरखोली उघडून दाखवा म्हटलं, तर त्यांनी प्रमाणपत्र पुढे सरकवलं. मोटरखोली उघडायचा अधिकार निरीक्षकाला, मला नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी दार आपटून बाहेर पडले. चांगलं जोरात आपटलं.

मेघवेलला भिंती छापणारं यंत्र होतं, रंग मारणारे लोखंडी हात होते, कामावर नजर ठेवायला आकाशात ड्रोन घिरट्या घालत होतं. आणि भिंत छापून झाल्यावर खाली उरणारा राडारोडा, फुटक्या विटा, वाळलेला गिलावा? तो बायकांच्या डोक्यावरून. तिथं कुठलंही यंत्र पोचलं नव्हतं, कारण बाई यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

तळमजल्यावर एका सावलीच्या कोपऱ्यात लेकरांच्या दोन झोळ्या बांधल्या होत्या. शेजारच्या बांबूला ओळीनं खिळे ठोकलेले, आणि त्या खिळ्यांवर आठ हेल्मेटं टांगलेली. माझं टाळकंच फिरलं. इकडे मी यांच्यासाठी रक्त आटवते आणि या बाया हेल्मेटं टांगून ठेवतात! समोरून एक पंचविशीची, कपाळावर गोंदलेली बारीक बाई भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन येत होती. मी तिच्यावर ओरडले.

"हेल्मेट कुठंय तुमचं? जीव नकोसा झालाय का?"

घमेल्याखाली तिला मान वळवता येत नव्हती. तिनं नुसते डोळे माझ्याकडे फिरवले.

"टांगलंय, मॅडम," ती म्हणाली, आणि माललिफ्टकडे चालू लागली.

काढून टाकलेली बाई मला साइटमागच्या पत्र्याच्या खोल्यांत सापडली. द्रुपदाबाई खिल्लारे, हिंगोलीकडची, पंचावन्नच्या पुढची. पोपटी रंगाची पिवळ्या काठाची साडी नेसून उंबऱ्यात बसली होती. हीच साडी नेसलेली असताना तिला बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या साइटदेखत दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं होतं. मी नाव सांगितलं, कक्षाचं ओळखपत्र दाखवलं. तिनं ते हातात घेऊन पाहिलं. तिच्या बोटांची टोकं सिमेंटनं खाऊन गुळगुळीत झाली होती, गोटीसारखी.

"हजेरीचं मशीन बी माझा अंगठा घेत न्हाई," मी बघतेय असं पाहून ती म्हणाली. "रोज मुकादम हातानं लिवायचा."

"द्रुपदाबाई, तुम्ही सूचना दिलीत आणि तुमचं नाव फुटलं. चूक कुठं झाली ते मी शोधणार आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. लिफ्टीचं काय?"

"कंपनीनं प्रमाणपत्र जोडलंय. त्यामुळे प्रकरण बंद झालंय."

"कागद लिफ्टीला धरून ठिवणार हाय का?" तिचा आवाज चढला. "माझी सून हाय तिच्यात, शेवंता. तिला धरून आठ बाया हायत. दिसातून वीस डाव वर-खाली. आदी दोन बोटं घसरायची, आता वीतभर घसरते. वीतभराची हातभर व्हायला किती दिस लागत्यात, तुम्ही शिकल्याल्या, तुम्हीच सांगा."

मला सांगता येत होतं. ब्रेकचं अस्तर एकदा धातूपर्यंत झिजलं की पुढचं फार वेगानं होतं. आठवडा, फार तर दहा दिवस. पण ते तिला सांगायचं धाडस झालं नाही.

"शेवंता बारीक आहे? कपाळावर गोंदलेलं?" मी विचारलं.

"व्हय. काहून?"

"काही नाही. सकाळी दिसली," मी म्हटलं. मी तिच्यावर ओरडले होते हे बोलले नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात फरशीवर बसून मेथी निवडत होती. मी तणतणत सगळं सांगितलं. निंबाळकरांचं घड्याळ, प्रमाणपत्र, आणि शेवटी त्या बायांवरचा राग.

"आठच्या आठ हेल्मेटं खिळ्याला, आई! मी काय करायचं सांग. चकती डोक्यावर फिरलीच नाही, तर माझी यंत्रणा चालणार कशी?"

आईचा हात थांबला.

"हेल्मेट घालून घमेलं कुठं ठेवतात गं?"

"म्हणजे?"

"अगं, डोक्यावर हेल्मेट घातलं तर त्याच्यावर घमेलं बसतं का?"

आईनं पातेलं उचलायचं फडकं घेतलं, दोन पिळे दिले, गोल वळवून टोक आत खोचलं. चुंबळ झाली. गेल्या पंचवीस वर्षांत तिनं ती केली नव्हती, पण बोटं विसरली नव्हती. उठून तिनं ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर पाण्यानं भरलेली कळशी ठेवली. वजनानं माझी मान खांद्यांत गेली.

"आता घाल तुझं हेल्मेट," ती म्हणाली.

मी तशीच उभी राहिले. पाणी डचमळून कपाळावरून खाली आलं.

"फाटकावर फोटोपुरतं घालत असतील, मग टांगत असतील," आई म्हणाली. "मालकाला माहीत, मुकादमाला माहीत. तुला गं कसं माहीत नाही? तुला तर मी झोळीत घालून माझी चुंबळ पायाशी ठेवत होते. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी खेळायचीस तू."

आई कधी मला टाकून बोलत नाही. त्या दिवशी बोलली आणि ते मला लागलं, कारण त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. कंपनीची लबाडी मला कळत होती, निंबाळकरांची बेपर्वाई कळत होती. पण चकती हेल्मेटात बसवताना माझ्या डोळ्यापुढे फक्त पुरुष होते. आईच्या डोक्यावर काय होतं ते मी इतकं दडवलं होतं, की स्वतःपासूनही दडलं.

कळशी खाली ठेवताच घड्याळाचा अर्थ लागला. पुरुषांची हेल्मेटं दिवसभर फिरतात, त्यांची वाक्यं दिवसभर पेटीत पडत राहतात. बायकांची, द्रुपदाबाईचं धरून, नऊ हेल्मेटं खिळ्यांवर, शेजारीशेजारी. वाक्य त्या नऊंतच फिरत राहणार. नऊ हात. बारा कधीच होणार नाहीत, संध्याकाळी सहाला बाया हेल्मेटं घालून फाटकातल्या गर्दीत शिरेपर्यंत. तिथं आणखी तिघांचा स्पर्श झाला की वाक्य पेटीत. सहा वाजून दहा मिनिटांनी फाटकावरच्या पेटीचा दिवा लुकलुकला, की समजायचं बायकांपैकी कोणीतरी बोललं. नऊ जणींत तोंड कोणाचं चालतं? द्रुपदाबाईचं. झालं! यासाठी गणित लागत नाही, नुसता हलकटपणा पुरतो.

शनिवारी मी आमचे प्रमुख मोघे साहेब यांच्यासमोर उभी राहिले. मोघे वाईट माणूस नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि फाइल सरळ जावी एवढीच इच्छा.

"आजच्या आज निरीक्षक पाठवा साहेब. लिफ्ट पडेल."

"बंद झालेलं प्रकरण उघडायला नवी सूचना हवी. आणि एका सूचनेवर पुन्हा सात दिवसांची मुदत द्यावी लागेल."

"आणि सात सूचना आल्या तर?"

"एकाच दिवशी, सात वेगवेगळ्या शिक्क्यांच्या? मग कोणाला विचारायलाच नको. लिफ्ट तळाला टेकली की मोटरची वीज आपोआप तुटते. नियम तुम्हीच लिहिलाय." त्यांनी एक कोरा अहवाल माझ्यापुढे ठेवला. "आधी हे भरून द्या. नाव कसं उघड झालं त्याचा. मी मजकूर सुचवतो. 'महिला कामगारांनी नियमानुसार हेल्मेट परिधान न केल्यामुळे.' तुमच्यावर काही येणार नाही."

"म्हणजे दोष त्यांचा?"

"हेल्मेट टांगलं कोणी? मी टांगलं का?"

"आणि द्रुपदाबाईचं काय?"

"भरपाई आहे ना. नोकरीही परत मिळेल. दुसऱ्या रकान्यात सूचना देणारी म्हणून त्यांचं नाव आणि सही घ्या."

मला हसावं की टेबल उलथावं कळेना. निनावी माणसाला न्याय हवा असेल, तर त्यानं आधी नाव सांगायचं! हा फॉर्म मीच चार वर्षांपूर्वी मंजूर केला होता, न वाचता. मी तो घडी करून पिशवीत टाकला, आणि मंगळवारी देते म्हणून निघाले.

कायदा मात्र मी वाचला, त्याच दुपारी, अक्षर न्‌ अक्षर. त्यात 'हेल्मेट' हा शब्द कुठंच नव्हता. 'डोक्यावर धारण करावयाचे साधन' असं होतं. चाचणीसाठी नवं साधन देण्याचा अधिकार माझा होता, आणि कपाटात वीस कोऱ्या चकत्या होत्या.

रविवारी सुट्टीच्या दिवशी मी आईला घेऊन पत्र्याच्या खोल्यांवर गेले. द्रुपदाबाईच्या खोलीत आठ बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. आधी मी शेवंताची माफी मागितली. ती लाजून पदराआड हसली. मग मी चकती दाखवली आणि म्हटलं, ही आता चुंबळीत राहील, हेल्मेटातली बंद.

"बटणाला बोट लावावं लागणार नाही," मी सांगितलं. द्रुपदाबाईची बोटं बघितल्यावर मी रात्री बसून ते बदललं होतं. "चुंबळीची ही गाठ तीनदा दाबायची आणि बोलायचं. घमेलं डोक्यावर असताना हात तिथंच असतो, कोणाला कळणार नाही. आणि एक सांगते. साइटवर सगळ्यांच्या जवळ जाणारं माणूस कोण? मिस्त्री एका जागी, गवंडी एका जागी, तुम्ही मात्र प्रत्येकाच्या पुढ्यात घमेलं नेता. तुमच्या चुंबळीतून वाक्य तासाभरात बारा हात फिरेल, आणि निम्मे हात पुरुषांचे असतील. घड्याळ बघून कोणाला काही कळायचं नाही."

शेवंता म्हणाली, "पर चुंबळीवरून बाई वळखू येते की, मॅडम. जिची तिची आपल्या जुन्या लुगड्याची असते. लांबूनच दिसतं, ही आली, ती आली. कोन गाठ दाबतंय ते मुकादम बगल न."

हे मला सुचलंच नव्हतं.

द्रुपदाबाई उठली. पत्र्याच्या पेटीतून तिनं ती पोपटी साडी काढली, धुऊन घडी घातलेली.

"समद्यांच्या एकाच लुगड्याच्या करा. ह्याच्या."

"चांगली साडी आहे हो, कशाला फाडता?" आई म्हणाली. "मी घरून जुनी आणते."

"न्हाई बाई. हेच पायजे. हे समद्या साइटीनं बगितलंय."

आईनं साडीला दातानं चीर पाडली. दुपारभर आम्ही आठ चुंबळी वळल्या, प्रत्येकीच्या पिळात एक चकती शिवली. आई शिवत होती, द्रुपदाबाई पीळ धरत होती, आणि दोघी कुठल्या कुठल्या साइटवर काय काय वाहिलं ते बोलत होत्या. माझ्या आईला इतकं मोकळं बोलताना मी कित्येक वर्षांनी ऐकलं.

सोमवारी सकाळी आठपासून मी कक्षातल्या पडद्यासमोर बसले. पडद्यावर दोनच आकडे बघायचे होते. आज लिफ्टच्या किती फेऱ्या झाल्या, आणि लिफ्टबद्दल किती सूचना आल्या. शेवंता आणि बाकीच्या सात जणी त्या फेऱ्यांत होत्या.

नऊ वाजता फेऱ्या सहा, सूचना शून्य. नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिली सूचना पडली. साडेनऊपर्यंत तीन झाल्या. पावणेदहाला पाच. मग आकडा अडकला. दहा वाजले, फेऱ्या अकरा, सूचना पाचच. कोणीतरी घाबरलं असणार, आणि घाबरणाऱ्या बाईला मी काय दोष देणार? घरी चूल तिच्यावरच पेटते. मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालू लागले. फेऱ्या बारा. तेरा.

दहा वाजून सतरा मिनिटांनी सहावी आली. आणि मग एकदम सातवी, आठवी, नववी. पडदा लाल झाला, लिफ्ट तळाला टेकली, आणि मोटरची वीज तुटली. मी मोठ्यानं ओरडले असणार, कारण मोघे केबिनमधून धावत आले.

सूचना थांबेनात. अकरा. सोळा. बावीस. बाया तर आठच होत्या! बाकीचे शिक्के पुरुषांचे होते, गवंड्यांचे, सळई बांधणाऱ्यांचे, रंगाच्या यंत्रावरच्या पोरांचे. तेही त्याच लिफ्टनं जात होते, त्यांच्याही पायाखाली ती घसरत होती. पण बुधवारी त्यांनी दंडाला धरून फाटकाबाहेर काढलेली बाई पाहिली होती आणि तोंडं शिवून घेतली होती. सोमवारी सकाळी तीच पोपटी साडी आठ डोक्यांवरून प्रत्येकाच्या पुढ्यात आली. घमेलं रिकामं करून गेली, पुन्हा आली. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. द्रुपदाबाईला हे आधीच कळलं होतं. मला पडद्यासमोर बसून कळलं.

दुपारपर्यंत लिफ्टबद्दल एकेचाळीस सूचना झाल्या. लिफ्ट बंद झाल्यावरही पेटीत वाक्यं पडत राहिली. अठ्ठाविसाव्या मजल्याला कठडा नाही. जाळी कुजली आहे. उघड्या वायरीवरून पाणी वाहतं. प्यायच्या टाकीला झाकण नाही. चार वर्षांत त्या साइटवरून मला एकूण अकरा सूचना आल्या होत्या, आणि आकडा कमी म्हणून साइट सुरक्षित, असं मीच अहवालात लिहीत आले होते.

तीनला निरीक्षकानं मोटरखोली उघडली. ब्रेकच्या दोन्ही अस्तरांचा भुगा झाला होता. लोखंडावर लोखंड, आणि मध्ये स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळीची एक काळी पडलेली पाचर. निरीक्षक म्हणाला, अजून दोन दिवसही टिकलं नसतं.

निंबाळकरांचा फोन आला. आवाजात चहा नव्हता.

"कोणी केलं हे? सगळ्या सारख्या चुंबळी घालून फिरताहेत! कोणाकोणाच्या सूचना आहेत?"

"मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही," मी म्हटलं. हे मी चार वर्षं सांगत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं. "तुम्ही घड्याळ बघा ना."

मंगळवारी सकाळी मी तो अहवाल घेऊन द्रुपदाबाईकडे गेले. ती बोचकं बांधत होती. सिन्नरकडे एका साइटवर काम मिळालं होतं. मी तिला लिफ्टच्या ब्रेकचं सांगितलं. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले.

"तुमच्या सूचनेमुळे आठ बाया वाचल्या," मी म्हटलं. "फॉर्म वाईट आहे, मला मान्य आहे. पण इथं सही केलीत तर नोकरी परत मिळेल, भरपाईही मिळेल. आता तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही."

"मी कुटं सूचना केली हुती?"

तिनं फॉर्म बाजूला सारला.

"तुमचं ते बटन माझं बोट घेतच न्हाई, मॅडम. चार वर्सांत एक डाव बी घेतलं न्हाई." तिनं गुळगुळीत बोटं माझ्यापुढं धरली. ती बोटं मी पाहिली होती, त्यासाठी बटणसुद्धा बदललं होतं, आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग त्या दिवशी फाटकावर बोलला का नाहीत? 'मी नाही' म्हणून ओरडायचं होतं!"

"म्हनले असते, तर त्यांनी दुसरी हुडकली असती न." तिनं बोचक्याची गाठ आवळली. "आन् कोन हुती ते मला इचारू नका."

मी विचारलं नाही. पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेवंता लेकराला झोळीत घालत होती, ती असेल, किंवा नसेल. शिकून सवरून मी कुलपं, शिक्के, बारा हात असं सगळं उभं केलं, आणि ते फुटलं. ही बाई एक शब्द न बोलता आठवडाभर ते नाव सांभाळून बसली होती, आणि त्यासाठी स्वतःची भाकरी घालवली होती.

"लुगडं मात्र गेलं माझं," ती उठता उठता म्हणाली. "लई आवडीचं हुतं."

मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि पिशवीतून पेन काढलं. 'सूचना देणाऱ्याचे नाव' हा रकाना कोरा सोडला. 'नाव उघड होण्याचे कारण' यापुढे लिहिलं, 'डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बाईला हेल्मेट घालता येत नाही, हे यंत्रणा बनवणारी व्यक्ती विसरली. ही चूक श्रीमती यमुना इंगोले, माजी बिगारी कामगार, यांनी लक्षात आणून दिली.' सर्वांत खाली 'त्रुटीस जबाबदार' असा रकाना होता. मोघे साहेब तो भरू नका म्हणतील, म्हणून तिथंच बसून तोही भरला, पूर्ण नावानं: करुणा यमुना इंगोले.